सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यातील कॅडिसफ्लाय : जात कशी ठरवावी, आणि ती नवी असल्यास वर्णन कसे करावे?

प्रश्न : पूर्णाकाठ (वसमत)

सर्वांना नमस्कार. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत असून सिद्धेश्वर धरणातून निघणाऱ्या कालव्यातील कीटकांवर लघुप्रबंध लिहीत आहे. रब्बीचे आवर्तन सुरू असताना कालव्याच्या दगडी उतारावर, जिथे पाणी वेगाने खाली येते, तेथील दगडांच्या फटींत मला कॅडिसफ्लायच्या (पतंगासारखा दिसणारा, अळीपणी पाण्यात राहणारा कीटक) अळ्या मोठ्या संख्येने मिळाल्या. या अळ्या घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या नाहीत. दगडाला चिकटवलेल्या बारीक खड्यांच्या आडोशात त्या राहतात आणि आडोशाच्या तोंडाशी रेशमाचे जाळे ताणून ठेवतात. वक्षाच्या तिन्ही खंडांवर पाठीच्या बाजूने कठीण तपकिरी पट्ट आहेत, उदराच्या खालच्या बाजूस शाखायुक्त क्लोमांचे (पाण्यात श्वसनाचे अवयव, गिल्स) झुपके आहेत आणि उदराच्या टोकावरील दोन आकड्यांजवळ (हुकांजवळ) केसांचे दाट गुच्छ आहेत.

त्याच सुमारास कालव्यालगतच्या शेतातील मोटारीच्या खोलीवरील बल्बभोवती सायंकाळी जमणारे प्रौढ कीटकही मी ८० टक्के अल्कोहोलमध्ये जतन केले. मिटलेल्या पंखांसह त्यांची लांबी साधारण ७ ते ८ मिलिमीटर भरते. पंख छपरासारखे उतरते मिटलेले, रंग तपकिरी व त्यावर फिकट ठिपके, शृंगिका (डोक्यावरील मिशा) शरीरापेक्षा थोड्या लांब. मोबाईलवरील एका ॲपने छायाचित्रावरून त्यांना पतंग ठरवले. आमच्या विभागातील एका वरिष्ठ संशोधकांच्या मते ते हायड्रॉप्सायकी प्रजातीचे (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहेत, आणि मराठवाड्यातून कॅडिसफ्लायच्या गणाच्या नोंदी फारशा नसल्यामुळे ही जात नवीच असावी, असेही त्यांनी सुचवले आहे. लघुप्रबंधात मी याला नवी जात म्हणून नाव देऊ शकते का? त्यासाठी नेमके काय पाहावे, काय मोजावे आणि काय रेखाटावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : बालाघाट (बीड)

नवी जात हा फार पुढचा प्रश्न आहे. आधी कुल (फॅमिली, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) निश्चित करावे.

पतंग आणि कॅडिसफ्लाय हे गण एकमेकांच्या अगदी जवळचे आहेत, त्यामुळे ॲपचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. पतंगाचे पंख खवल्यांनी झाकलेले असतात आणि बोट लावल्यास भुकटी हाताला लागते, तर कॅडिसफ्लायच्या पंखांवर केस असतात. शिवाय बहुतेक पतंगांना गुंडाळी केलेली सोंड असते. ती कॅडिसफ्लायला कधीच नसते, आणि तिच्या तोंडाजवळचे स्पर्शक चांगले वाढलेले दिसतात. आपल्या वर्णनावरून हे प्रौढ ट्रायकॉप्टेरा, म्हणजे कॅडिसफ्लायच्या गणातील आहेत, याविषयी मला शंका नाही.

कुलासाठी सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी पाहाव्यात. डोक्यावर दोन संयुक्त नेत्रांच्या मध्ये साधे नेत्र आहेत की नाहीत, जंभिकेच्या (तोंडाचा जबड्यासारखा भाग, मॅक्सिला) स्पर्शकाचा शेवटचा खंड लांब, लवचीक व वलयांकित आहे का, आणि प्रत्येक पायाच्या नडगीवर हलवता येण्याजोगे काटे किती आहेत. काट्यांची संख्या पुढचा, मधला व मागचा पाय या क्रमाने लिहितात. हायड्रॉप्सायकिडी कुलात साधे नेत्र नसतात, स्पर्शकाचा शेवटचा खंड लांब व वलयांकित असतो आणि काट्यांचे सूत्र साधारणपणे २-४-४ असते. साधे नेत्र दिसले आणि सूत्र १-४-४ आले, तर फिलोपोटॅमिडी कुलातील कायमॅरा प्रजातीचा विचार करावा. शृंगिका शरीराच्या दुप्पट-तिप्पट लांब असत्या, तर लेप्टोसेरिडी कुल पाहावे लागले असते, पण आपल्या वर्णनात तसे नाही.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. एक्नोमिडी कुलातील एक्नोमस प्रजातीचे प्रौढही लहान, तपकिरी आणि ठिपकेदार असतात. त्यांनाही साधे नेत्र नसतात व स्पर्शकाचा शेवटचा खंड तसाच वलयांकित असतो. फरक पुढच्या पायावर दिसतो, कारण त्यांचे सूत्र ३-४-४ असते. ही प्रजाती जलाशयांत आणि संथ पाण्यात भरपूर आढळते, आणि आपला बल्ब तर धरणाच्या परिसरातच आहे. त्यामुळे बाटलीतील प्रत्येक नमुन्याचा पुढचा पाय स्वतंत्रपणे तपासावा. चार-दोन नमुने पाहून बाकीचेही तसेच असतील, असे गृहीत धरू नये.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक (नांदेड)

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. त्याला पुढच्या पायरीची जोड देतो.

हायड्रॉप्सायकिडी कुल निश्चित झाले, तरी प्रजाती हायड्रॉप्सायकीच असेल असे नाही. याच आकाराची आणि ठिपकेदार पंखांची च्युमॅटॉप्सायकी ही प्रजाती भारतात सर्वदूर आढळते व तिच्या जाती पुष्कळ आहेत. अळीमध्ये हा फरक पाहायचा असल्यास अळी पाठीवर उलटी ठेवावी आणि पुढच्या पायांच्या मध्ये, पहिल्या वक्षखंडाच्या खालच्या पट्टामागील घडीत पाहावे. हायड्रॉप्सायकीमध्ये तेथे कठीण तुकड्यांची एक मोठी, ठळक जोडी दिसते, तर च्युमॅटॉप्सायकीमध्ये ती अगदी बारीक असते आणि पुष्कळदा चटकन नजरेत भरत नाही. प्रौढांत पंखांवरील शिरांची मांडणी आणि नराची जननांगे अशा दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

जात मात्र नराच्या जननांगांवरूनच ठरते. पंखांचा रंग, ठिपके, लांबी यांचा उपयोग मर्यादित आहे. अल्कोहोलमध्ये रंग उतरतो, आणि एकाच नदीतील दोन जाती बाहेरून हुबेहूब दिसू शकतात. म्हणून पहिले काम नर वेगळे करण्याचे. या कुलातील पुष्कळ जातींत मादीच्या मधल्या पायाची नडगी व घोट्याकडील खंड रुंद आणि चपटे झालेले असतात. अशी मादी पाण्यात उतरून बुडालेल्या दगडांवर अंडी घालते. दिव्यावर माद्याच जास्त आलेल्या असू शकतात, त्यामुळे बाटलीत नर थोडे निघाले तरी निराश होऊ नये.

नर मिळाल्यावर त्याचे उदर चौथ्या-पाचव्या खंडाजवळ बारीक कात्रीने वेगळे करावे आणि १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर ठेवावे. घाई असल्यास द्रावण मंद गरम करूनही हे काम थोड्या वेळात होते, परंतु उकळू देऊ नये, कारण नाजूक पडदे विरघळतात आणि मग जे उरते त्यावरून काहीच सांगता येत नाही. आतील मांस निघून गेले की उदर पाण्यात धुवावे, त्या पाण्यात ॲसेटिक आम्लाचा एखादा थेंब टाकावा, नंतर अल्कोहोलमधून काढून खोलगट काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये ठेवावे. वरून झाकणकाच दाबून बसवू नये. अवयव चपटे झाले की त्यांचा आकार बदलतो, आणि अशा चपट्या चित्रांवरून आजवर पुष्कळ गैरसमज झालेले आहेत.

नवव्या खंडाचा बाजूने दिसणारा आकार, दहाव्या खंडाच्या टोकाकडील उंचवटे, खालच्या बाजूचे दोन खंडांचे पकडअवयव व त्यांतील शेवटच्या लहान खंडाचे वळण व टोक, आणि शिश्न यांचे निरीक्षण करून बाजूने, वरून व खालून अशी तिन्ही चित्रे काढावीत. शिश्नाचे स्वतंत्र चित्र बाजूने काढावे. कॅमेरा ल्युसिडा (सूक्ष्मदर्शकातून पाहत रेखाटन करण्याचे साधन) नसल्यास छायाचित्रावरून रेखाटन करता येते, मात्र ते अनेक खोलींवर फोकस करून घेतलेल्या छायाचित्रांवरून करावे.

प्रतिसाद : पूर्णाकाठ (वसमत)

आपणा दोघांचेही मनापासून आभार. सूचनेप्रमाणे मी प्रत्येक नमुन्याचा पुढचा पाय तपासला. त्यांत दोन गट स्पष्टपणे वेगळे झाले. मोठ्या गटाचे सूत्र २-४-४ आहे आणि लहान गटाचे ३-४-४. दोन्हींत साधे नेत्र नाहीत. मोठ्या गटात रुंद मधल्या पायांच्या माद्या अधिक असून नर मोजकेच आहेत. अळ्यांमध्ये सरांनी सांगितलेल्या घडीत मला ठळक तुकडे दिसत नाहीत, फक्त दोन बारीक ठिपके दिसतात.

आता माझी अडचण अशी आहे की, या अळ्या आणि २-४-४ गटातील नर हे एकाच जातीचे आहेत, असे मी प्रबंधात लिहू शकते का? दोन्ही एकाच ठिकाणी आणि एकाच काळात मिळालेले आहेत.

उत्तर : खडकाळ ओढा (छत्रपती संभाजीनगर)

नाही, एवढ्या आधारावर लिहू नये. दिव्यावर येणारा कीटक त्याच पाण्यातून निघाला असेल, याची कोणतीही खात्री नसते. कॅडिसफ्लाय बऱ्याच अंतरावरून उडत येऊ शकतात. आपल्याच बाटलीत दोन कुले निघाली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. शिवाय वक्षावर तीन कठीण पट्ट असणे हे एकट्या हायड्रॉप्सायकिडीचे लक्षण नाही. एक्नोमिडीच्या अळ्यांनाही तीन पट्ट असतात आणि अतिसूक्ष्म हायड्रॉप्टिलिडीच्या अळ्यांनाही असतात. आपल्या अळ्यांना शाखायुक्त क्लोम व टोकाशी केसांचे गुच्छ आहेत, म्हणूनच त्या हायड्रॉप्सायकिडीतील ठरतात, आणि घडीतील बारीक ठिपक्यांवरून त्या च्युमॅटॉप्सायकीच्या असण्याची शक्यता मोठी आहे. जात मात्र त्यावरून कळत नाही. भारतातील बहुसंख्य जातींच्या अळ्यांचे वर्णन अद्याप झालेलेच नाही.

अळी आणि प्रौढ यांची सांगड घालण्याचा सर्वांत भरवशाचा जुना मार्ग कोशाचा आहे. या गणातील अळी पाच अवस्थांतून जाऊन दगडाखाली बंदिस्त घर करून कोशात जाते आणि जाताना आपली कातडी, डोक्याच्या व वक्षाच्या कठीण पट्टांसह, त्याच घरात टाकते. पूर्ण वाढलेला नर कोश मिळाला, तर त्याच्या पातळ आवरणातून प्रौढाची जननांगे दिसतात आणि त्याच घराच्या तळाशी अळीचे पट्ट सापडतात. एकाच घरात दोन्ही पुरावे मिळाल्यावर वाद राहत नाही. म्हणून पाणी सुरू असेपर्यंत दगड उलटून खड्यांची घट्ट बंद घरे शोधावीत, ती न फोडता सबंध अल्कोहोलमध्ये टाकावीत आणि प्रत्येक घरासाठी वेगळी कुपी वापरावी. आवर्तन बंद होऊन कालवा कोरडा पडला, की ही संधी पुढच्या पाळीपर्यंत गेली.

दुसरा मार्ग डीएनएचा. त्यासाठी नमुने ८० टक्क्यांऐवजी ९५ टक्के किंवा अधिक तीव्रतेच्या इथेनॉलमध्ये ठेवावेत. नराचा एक पाय व अळीचा एक पाय यांतून सीओआय जनुकाचा (प्राण्यांच्या जाती ओळखण्यासाठी वापरला जाणारा जनुक) ६५८ बेस-जोड्यांचा तुकडा वाचून दोन्ही जुळतात का, ते पाहता येते. याने सांगड सिद्ध होईल, पण नाव मिळेलच असे नाही, कारण ज्या जातीचा क्रम डीएनए-क्रमांच्या संगणकीय संग्रहात नाही तिचे नाव संगणकालाही सांगता येणार नाही. जवळचा क्रम सापडला नाही म्हणून जात नवी, असा निष्कर्ष हल्ली सर्रास काढला जातो. तो टाळावा.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक (नांदेड)

आता नवेपणाविषयी. मराठवाड्यातून नोंद नाही, एवढ्यावरून जात नवी ठरत नाही. तिला फार तर मराठवाड्यातील पहिली नोंद म्हणता येईल, आणि माझ्या मते एका लघुप्रबंधासाठी तीही मोलाचीच गोष्ट आहे. जगात या गणाच्या १६ हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे, भारतात हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि गोदावरीच्या खोऱ्यातील कीटक जिल्ह्याच्या किंवा देशाच्या सीमा पाळत नाहीत. आपल्या नराशी जुळणारी जात कदाचित श्रीलंकेतून, म्यानमारमधून किंवा थायलंडमधून पूर्वीच वर्णिलेली असेल.

म्हणून आधी ट्रायकॉप्टेराच्या जागतिक यादीतून त्या प्रजातीच्या दक्षिण व आग्नेय आशियातील सर्व जातींची नावे काढावीत. नंतर प्रत्येकीचे मूळ वर्णन आणि चित्र मिळवून ते आपल्या चित्राशेजारी ठेवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. मार्टिन मोझली यांनी १९३० च्या दशकापासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून भारतीय कॅडिसफ्लायवर लेखमाला लिहिली. स्विस संशोधक फर्नांड श्मिड यांनी भारतीय उपखंडात मोठ्या प्रमाणावर संकलन करून पुष्कळ जाती वर्णिल्या. हान्स मालिकी यांचा २०१० चा आग्नेय आशियातील जातींचा चित्रसंग्रह तर तुलनेसाठी अत्यंत सोयीचा आहे. स्पॅनिश पाद्री नावास यांची वर्णने मात्र पुष्कळदा इतकी त्रोटक आहेत की, मूळ नमुना पाहिल्याशिवाय त्यांवर विसंबता येत नाही.

तुलनेत किंचित फरक दिसला, म्हणून लगेच हर्षभरित होऊ नये. पकडअवयवाचे टोक थोडे वेगळे दिसणे हे नमुना तिरका ठेवल्यानेही घडते, आणि एकाच जातीच्या नरांतही थोडीफार विविधता असते. म्हणूनच एकुलत्या एका नरावर जात उभी करू नये, निदान काही नर तपासून फरक सर्वांत कायम आहे हे पाहावे. या गणात बाह्यरूपाने फसण्याची परंपरा जुनी आहे. हेलिकॉप्सायकी प्रजातीच्या अळीचे वाळूचे वळणदार घर पाहून आयझॅक ली यांच्यासारख्या मृदुकाय प्राण्यांच्या नामांकित अभ्यासकाने १८३४ मध्ये ती गोगलगायीची नवी जात म्हणून प्रसिद्ध केली होती.

उत्तर : बालाघाट (बीड)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण विद्यार्थ्यांचे तिकडे बहुधा दुर्लक्ष होते. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्याने सापडलेल्या कोणत्याही जातीची माहिती शासनाने नेमलेल्या भांडाराला कळवणे आणि तिचे नमुने तेथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी असे भांडार म्हणजे कोलकाता येथे मुख्यालय असलेले भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्यांचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. जायकवाडी, गौताळा, येडशी रामलिंग घाट किंवा पैनगंगा अशा अभयारण्यांत संकलन करायचे असल्यास वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

प्रतिसाद : पूर्णाकाठ (वसमत)

कोश शोधण्याचे काम मी हाती घेतले आहे आणि दोन नरांची उदरे द्रावणात ठेवली आहेत. तुलना पूर्ण होईपर्यंत प्रबंधात “च्युमॅटॉप्सायकी, जात अनिश्चित” एवढेच लिहिण्याचे ठरवले आहे. तरीही पुढे ती खरोखरच नवी ठरली, तर वर्णनात काय असावे आणि प्रबंधात दिलेले नाव ग्राह्य धरले जाते का, एवढे कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक (नांदेड)

विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधातील नाव प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रकाशित मानले जात नाही, तसेच या चर्चेत किंवा समाजमाध्यमावर लिहिलेले नावही नाही. म्हणून प्रबंधात नाव सुचवूच नये. नाव आधी बाहेर फुटले, की पुढे विनाकारण घोळ होतात. नाव योग्य शोधनियतकालिकातच द्यावे. संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार जात नवी असल्याचे स्पष्टपणे म्हणावे लागते, होलोटाइप म्हणजे नामधारक नमुना निश्चित करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे, तेही लिहावे लागते. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या नियतकालिकातील नावही चालते, परंतु त्या लेखाची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंद झालेली असून तसा पुरावा लेखातच असावा लागतो. पैसे भरताच आठवड्याभरात लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिथे छापलेले चुकीचे वर्णन पुढच्या अभ्यासकांना जन्मभर निस्तरावे लागते.

वर्णनाचा गाभा म्हणजे निदान. ही जात कोणत्या ज्ञात जातीच्या सर्वांत जवळची आहे आणि नेमक्या कोणत्या अवयवाच्या कोणत्या आकारामुळे तिच्यापासून वेगळी ओळखता येते, हे दोन-तीन वाक्यांत निःसंदिग्धपणे लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल, तर वर्णन करण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे. त्यानंतर पुढच्या पंखाची लांबी, डोके, स्पर्शक, काट्यांचे सूत्र, पंखांच्या शिरा आणि जननांगांचे सविस्तर वर्णन यावे. रंग लिहिताना तो जिवंत नमुन्याचा आहे की अल्कोहोलमधील, तेही नमूद करावे.

नामपट्टी कुपीच्या आत, पेन्सिलीने किंवा पक्क्या काळ्या शाईने लिहिलेली हवी. तीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, संकलकाचे नाव आणि नमुना दिव्यावर मिळाला की पाण्यात, हे सर्व असावे. “हिंगोली जिल्हा, कालवा” एवढ्याने भागत नाही, कारण पन्नास वर्षांनी कोणाला त्याच जागी पुन्हा जायचे असेल, तर त्याला तो दगडी उतार सापडला पाहिजे.

होलोटाइप म्हणून शृंगिका, पंख व सर्व पाय शाबूत असलेला नर निवडावा. त्याचे साफ केलेले उदर ग्लिसरीनच्या सूक्ष्म कुपीत घालून ती कुपी त्याच नराच्या बाटलीत ठेवावी. उरलेले नर पॅराटाइप (होलोटाइपच्या जोडीला दिलेले नमुने) होऊ शकतील. माद्यांना मात्र कोशातून किंवा डीएनएवरून सांगड सिद्ध होईपर्यंत त्या यादीत घेऊ नये. बल्बवर सापडलेल्या ३-४-४ सूत्राच्या गटासाठी आजच वेगळी बाटली करावी, आणि दोन्ही बाटल्यांवर मूळ संकलनाची एकच तारीख लिहावी.